पुणे–बंगळूर महामार्गावरची वेगमर्यादा वाढवायला हवी का?

तुमचं म्हणणं असं की गाड्या सुधारल्या, सहा-सहा एअरबॅग आल्या, रस्ता सहापदरी होतोय, मग कारला 120 पर्यंत मोकळीक का नको? माझं उत्तर : एवढ्यात नको.

कोल्हापूर–पुणे भाडी मारत मला चौदा वर्षं झाली. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे स्पीड गव्हर्नरवाली. काटा 80 ला टेकला की पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. मागची पाहुणेमंडळी दर दहा मिनिटांनी, "मामा, जरा ओढा की!" आता कुठनं ओढू?

त्यामुळं 80 नं किती वेळ जातो हे मला तोंडपाठ आहे. कोल्हापूरचा तावडे हॉटेल चौक ते पुणे साधारण 230 किलोमीटर. गणितानं 80 च्या वेगात 2 तास 53 मिनिटं, 100 च्या वेगात 2 तास 18. पस्तीस मिनिटं वाचली, पण वहीत. प्रत्यक्षात पांढऱ्या पाटीची एखादी गाडी पेठ नाक्याला मला सपकन मागं टाकते आणि पुढं कुठल्यातरी डायव्हर्जनवर तीच माझ्यापुढं चार गाड्या सोडून उभी असते. वेळ खातात ते टोल, अर्धवट कामं आणि पुण्यात शिरताना नवले पुलाची गर्दी.

केंद्रानं 2018 मध्ये कारची कमाल मर्यादा वाढवली होती : एक्सप्रेसवेवर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100. ट्रकला 80. मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये ती अधिसूचना रद्द केली, तो वाद वेगळा. मला खुपतो तो आकड्यांमधला फरक. आमच्या रस्त्यावर ट्रक 60-70 नं, उसाचा ट्रॅक्टर 15-20 नं, आणि शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की राँग साइडनं येणारी दुचाकी. या सगळ्यांत कारला 120 दिलं तर कार आणि ट्रॅक्टर यांच्यात शंभराचा फरक पडतो. समृद्धीवर 120 आहे हे खरं, पण तिथं दुचाकी-रिक्षाला मज्जावच आहे.

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. रात्री दहानंतर पुण्याहून परत येत होतो, किणी टोल सोडून वाठारच्या अलीकडं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन लेनमध्येच उभा. रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही. मागं एक पोरगं मोबाइलची बॅटरी हलवत उभं होतं. ती बारीक लुकलुक मला दिसली तेव्हा अंतर ऐंशी-नव्वद मीटर असेल. ब्रेक करकचून दाबला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेले ऊस बॉनेटपासून चार-पाच हातांवर होते. पाहुणे झोपेतून जागे झाले.

आता हिशोब बघा. धोका दिसून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद धरला, तर 80 नं गाडी तेवढ्यात 33 मीटर पुढं जाते, 120 नं 50. त्यानंतरचं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे दीडपट वेगाला सव्वादोनपट. कोरड्या रस्त्यावर 80 ची गाडी साधारण 70 मीटरमध्ये थांबते, 120 ची 130 मध्ये. एअरबॅग सहा असोत की सोळा, ती थांबायला मदत करत नाही.

एक मात्र कबूल. काम संपून महिने झाले तरी 40 ची पाटी तशीच ठोकलेली असते, मग खऱ्या वळणावरच्या पाटीवरही कोण विश्वास ठेवणार? आधी त्या काढा, शिरोली ते कागल सलग सेवा रस्ता करा, ट्रॅक्टर-दुचाक्या तिकडं घाला. मग कारला 100 काय, 120 द्या. माझं काही म्हणणं नाही, माझी 80 च्या वर जाणारच नाही.

त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी पुन्हा त्याच बाजूनं परत आलो. ट्रॉली गेली होती, चाकाला लावलेले दगड लेनमध्ये तसेच. पार्किंग लाइट लावून उतरलो आणि चार दगड कडेला ढकलले. आतून पाहुण्यांचा आवाज आला, "मामा, उशीर होतोय."