आधी तारखा मांड

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

दहशतवाद आणि सरकार यांवर लिहायचं ठरवलंस, पण आराखडा ९/११ पासून सुरू होतो. तो पुण्यापासून सुरू कर. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग समितीच्या रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. हे सगळ्यांना पाठ असतं. तू पुढचं बघ.

दामोदरचा कबुलीजबाब ऑक्टोबरातला. त्याआधीच, जुलैत, नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत टाकलं होतं. २७ जुलैला टिळकांना पकडलं, तेही 'केसरी'तल्या मजकुरासाठी, आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा झाली. मारेकरी हाती लागण्याआधी सरकारचा हात कुणावर पडतो, ते प्रत्येक प्रकरणात शोध. ज्युरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी नाही. हे तळटीपेत ढकलू नकोस. 'अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव' हा टिळकांच्या खटल्यातला न्यायमूर्ती स्ट्रॅचींचा अर्थ वादग्रस्त ठरला, तरी १८९८ मध्ये १२४अ हे राजद्रोहाचं कलम सैल झालं नाही, उलट त्यात द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले. क्रांतिकारी चळवळींची चौकशी करणाऱ्या १९१८ च्या रौलट समितीचा अहवालही मुंबई इलाख्यापासूनच सुरू होतो. त्यात 'क्रांतिकारी कट' असा शब्द आहे. तिथे आजचा 'दहशतवादी' घुसडलास तर परीक्षक पकडेल, आणि बरोबरच पकडेल.

कायदे तपासताना चारच रकाने पुरे: आरोपपत्राआधी कोठडी किती दिवस, कबुली कुणापुढे ग्राह्य, जामिनाची अट काय, कायद्याला मुदत आहे का. इथे विद्यार्थी हमखास घसरतात, कारण ते फक्त व्याख्या वाचतात. टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात (१९८७) पोलीस अधीक्षकापुढची कबुली चालायची. त्याला मुदत होती. तो १९९५ मध्ये संपला. पोटा हा तसाच कायदा २००२ मध्ये आला, २००४ मध्ये गेला. पण त्याच वर्षी त्यातली बरीच कलमं १९६७ च्या यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, शिरली. कबुलीचं मात्र आलं नाही. मुदतीचा रकाना इथे कोरा राहील. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, कोठडी १८० दिवसांपर्यंत नेता येईल आणि जामीन अवघड होईल अशा तरतुदी यूएपीएत आल्या. कोठडीची नेहमीची मुदत ६० किंवा ९० दिवस, ती शेजारी लिही.

आणखी एक. संमतीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळ्या असतात. राजपत्र उघडून बघ, वर्तमानपत्राच्या कात्रणावर विसंबू नकोस. तक्ता झाला की पाठव, प्रस्तावना नंतर.

तुझा,
मार्गदर्शक