नंबॅट संकटात, मॅगपाय मजेत

प्रश्न : दोघेही ऑस्ट्रेलियाचे, दोघेही दिवसा जमिनीवर किडे शोधणारे. मग नंबॅट हा छोटा सस्तन प्राणी दुर्मीळ आणि मॅगपाय हा पक्षी जिकडेतिकडे, असं का?

खाण्याच्या सवयींमुळे. नंबॅट वाळवीवर जगतो, दिवसाला २०,००० पर्यंत! पण पक्कं वारूळ फोडण्याइतकी ताकद त्याच्या नखांत नाही. वाळवी जमिनीलगतच्या बोगद्यांत आली की तो वरवर उकरतो आणि लांब, चिकट जीभ आत सारतो. म्हणून वाळवीचं वेळापत्रक तेच त्याचं : हिवाळ्यात भर दुपारी, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. त्याला घर देतेही वाळवीच. तिने पोखरलेल्या वांडू झाडाच्या ओंडक्यात तो शिरतो आणि पाठीमागच्या जाड कातडीने भोक बंद करतो. शेतीसाठी जंगल तुटलं, तेव्हा अन्न आणि आसरा एकदमच गेले. उरलेल्यांना युरोपातून आणलेल्या कोल्ह्यांनी आणि मांजरांनी टिपलं.

मॅगपायला मात्र तीच मोकळी जमीन मानवली. हिरवळीवर मान तिरकी करून तो मातीखालच्या अळीची हालचाल ऐकतो आणि नेमकी चोच मारतो. अळी नसेल तर गांडूळ, पाल, बी, काहीही चालतं. घरटं उंच झाडावर असल्याने कोल्ह्याची भीतीही कमी.

प्रश्न : नंबॅट शिशुधान आहे, मग पिल्लं पिशवीत सुरक्षित नसतात का?

मादीला पिशवीच नसते. चार पिल्लं पोटावरच्या केसांत स्तनांना लटकून वाढतात.

प्रश्न : कोल्ह्यांसाठी टाकलेल्या विषाने नंबॅट मरत नाहीत?

नाही, आणि यामागचं कारण मला फार आवडतं. हे विष, सोडियम फ्लुओरोअॅसिटेट, नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या काही रानझाडांत मुळातच असतं. तिथले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ते पचवत आले. बाहेरून आलेल्या कोल्ह्याला ते सोसत नाही. शिवाय मांसाच्या आमिषाला नंबॅट तोंड लावत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ड्रायांड्राच्या जंगलात १९८० च्या दशकात कोल्हे कमी केल्यावर नंबॅट वाढले होते. मांजरांचा प्रश्न चिवट आहे, कारण त्यांना जिवंत शिकार अधिक प्रिय. म्हणून न्यू साउथ वेल्स राज्यातल्या स्कोशिया अभयारण्यासारख्या ठिकाणी कुंपण घालून नंबॅट सोडले आहेत.

प्रश्न : मॅगपाय माणसांवरही झडप घालतात. ते कमी केले तर नंबॅटला फायदा होईल?

अजिबात नाही. नंबॅटच्या मुळावर मॅगपाय आलेला नाही. वसंतात, पिल्लं घरट्यात असताना, मोजकेच नर झेपावतात. ते चेहरेही लक्षात ठेवतात. तेवढे काही आठवडे वाट बदला.