पीसी अमिगाची फ्लॉपी का वाचत नाही?

प्रश्न: अमिगा ५०० या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या साडेतीन इंची फ्लॉप्या जुन्या पीसीत घातल्या की तो थेट फॉरमॅट करू का विचारतो, पण त्याच काळातल्या अटारी एसटी कॉम्प्युटरच्या बऱ्याचशा नीट वाचतो. फ्लॉप्या गेल्या का?

उत्तर: गेल्या नसाव्यात, फक्त त्या फॉरमॅटला चुकूनही हो म्हणू नका! आधी कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे त्यावर काही लिहिलंच जाणार नाही. डिस्क तीच पण लिहायची पद्धत वेगळी, एसटी साधारण पीसीसारखेच ट्रॅकला (डिस्कवरच्या एका गोल पट्ट्याला) ५१२ बाइटचे ९ सेक्टर, म्हणजे तुकडे, लिहितो आणि अमिगा ११ सेक्टर एकमेकांना चिकटवून लिहितो, म्हणून ७२० ऐवजी ८८० केबी मावतात, आणि पीसीचा फ्लॉपी कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) बिचारा आपल्या ओळखीच्या खुणा शोधत बसतो. त्यापेक्षा उलटं करा. अमिगावर वर्कबेंच (अमिगाची सिस्टीम) २.१ किंवा पुढचं असेल तर त्यातल्या क्रॉसडॉस या सॉफ्टवेअरने पीसीची ७२० केबीची डिस्क चालते, तिच्यावर फायली कॉपी करा. डिस्क डीडीच (कमी क्षमतेची, डबल डेन्सिटी) घ्या, एचडीच्या (जास्त क्षमतेच्या, हाय डेन्सिटी डिस्कच्या) जादा भोकाला चिकटपट्टी लावायचा जुगाड चालतो पण मला त्याचा भरवसा नाही. अमिगाच बंद असेल तर ग्रीसवीझल बोर्ड घ्या, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह पीसीला यूएसबीने जोडणारं छोटं सर्किट, तो सेक्टर बघतच नाही, चुंबकीय सिग्नलच उचलतो.