वाचकांचे प्रश्न : वनस्पतींच्या टाकीसाठी पंप किती मोठा असावा?

प्रश्न : माझ्याकडे ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच अशी काचेची टाकी आहे. तिच्यात व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन आणि रोटाला या वनस्पती व निऑन टेट्रा मासे आहेत. साखर आणि यीस्टच्या बाटलीतून मी कार्बन डायऑक्साइडही सोडतो. दुकानदाराच्या सल्ल्याने ताशी १२०० लिटरचा, २५ वॅटचा, पाण्यात बुडवून ठेवायचा पंप स्पंजच्या फिल्टरसह बसवला. तेव्हापासून रोटाला आडवा पडतो, तळाची माती उकरली जाते आणि मासे एका कोपऱ्यात दाटीने राहतात. पंप लहान घेतला तर पाणी गढूळ राहील, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. काय करावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमचा पंप टाकीच्या मानाने फार मोठा आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून हजाराने भागल्यास सुमारे ६५ लिटर येतात. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास असणार. अशा टाकीत तासाला पाच ते सहा वेळा, म्हणजे साधारण ३०० लिटर पाणी खरोखर फिरले तरी पुरे. मात्र खोक्यावरचा आकडा फिल्टर न जोडता आणि पाणी वर न चढवता मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. स्पंज, नळी आणि साचलेला गाळ यांमुळे तो बराच घटतो, म्हणून ताशी ५०० लिटरच्या आसपासचा, प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय असलेला पंप घ्यावा. बसवल्यावर त्याचे पाणी सोडणारे तोंड क्षणभर पाण्याबाहेर काढून एक लिटरचे भांडे किती सेकंदांत भरते ते पाहावे. बारा सेकंद लागले, तर प्रवाह ताशी ३०० लिटर आहे.

पाण्याच्या स्वच्छतेचा पंपाच्या जोराशी संबंध दुकानात सांगतात तितका सरळ नाही. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया निष्प्रभ करणारे जीवाणू स्पंजवर वाढतात आणि स्पंज पुरेसा मोठा असेल, तर मंद प्रवाहातही ते आपले काम करतात. उलट तुमच्या टाकीत गढूळपणा असलाच, तर तो जोराच्या झोतामुळे तळाची माती उडत असल्याने असण्याची शक्यता अधिक आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा कार्बन डायऑक्साइडचा. पाण्याचा पृष्ठभाग जितका घुसळला जाईल, तितक्या लवकर हा वायू हवेत निघून जातो आणि बाटलीतून सोडलेला बराचसा भाग वनस्पतींपर्यंत पोहोचतच नाही. त्याच वेळी पाणी अगदी निश्चल ठेवूनही चालत नाही, कारण पानांभोवतीचा पाण्याचा पातळ थर हलत राहिला तरच वायू आणि खनिजे पानांना मिळतात. यासाठी छिद्रांची आडवी नळी, जिला दुकानांत स्प्रे बार म्हणतात, मागच्या काचेवर पाण्याखाली बसवावी, म्हणजे झोत एका जागी न आदळता टाकीभर पसरेल. वर तेलकट साय धरू लागली, तर छिद्रे किंचित वर वळवावीत. यीस्टची बाटली रात्रीही थांबत नाही आणि अंधारात वनस्पती स्वतःच प्राणवायू वापरतात, त्यामुळे रात्री पृष्ठभागावर थोडी अधिक हालचाल असलेली बरी. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर हा बदल लगेच करावा.

मुंबईत उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता पाण्यातच उतरते आणि निऑन टेट्रांना २६ अंशांखालचे पाणी मानवते, जे एप्रिल-मेमध्ये पंखा लावूनही टिकवणे कठीण जाते. अशा वेळी २५ वॅटऐवजी सात-आठ वॅटचा पंप असणे फायद्याचे. विजेची बचतही महिन्याला बारा युनिटच्या आसपास होईल.

पुढे कधी टाकीखालच्या कपाटात उघडा सम्प, म्हणजे गाळणीची दुसरी टाकी, ठेवून पाणी वर चढवायचे ठरवले, तर मात्र हिशेब बदलतो. खोक्यावरची कमाल उंची म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती उंची, म्हणून १.२ मीटर लिहिलेला पंप तेवढ्या उंचीवर थेंबही देणार नाही. बंद कॅनिस्टर फिल्टरमध्ये, म्हणजे नळ्यांनी टाकीला जोडलेल्या हवाबंद डब्याच्या फिल्टरमध्ये, ही अडचण येत नाही. तिथे उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या पाण्याचे वजन एकमेकांना तोलते आणि पंपाला केवळ घर्षणाशी झुंजावे लागते.

प्रश्न : पंप रात्री घरघरतो. बदलावा का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आधी स्वच्छ करून पाहावा. प्लगची पिन काढूनच पाण्यात हात घालावा, मग पुढचे झाकण उघडून आतला चुंबकाचा पंखा, म्हणजे इम्पेलर, आणि त्याची खोबण जुन्या टूथब्रशने घासावी. चिनी मातीची दांडी तुटली असेल, तर इम्पेलरचा सुटा संच अनेकदा मिळतो. आवाज काचेतून येत असेल, तर पंप काचेला चिकटवून धरणारे रबरी चूषणपाद (सक्शन कप) कडक झाले आहेत का ते पाहावे. पंप पाण्याबाहेर कोरडा चालवून तपासू नये, आणि वायर प्लगकडे वर जाण्याआधी खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही.