टाकळ्याचा लेप आणि दर पावसाळ्यातलं गजकर्ण

प्रश्न : आमची भातशेती आहे. दर पावसाळ्यात यजमानांच्या कमरेवर, जांघेत गजकर्ण उठतं. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने चार दिवसांत बसतं आणि पुन्हा दुप्पट पसरतं. सासूबाई टाकळ्याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून लावतात, पण आग फार होते. लेप चालू ठेवावा का? – एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ताई, सासूबाईंचं औषध खोटं नाही, हे आधी सांगते. टाकळ्याला संस्कृतात ‘दद्रुघ्न’ म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण. माझी आजी आषाढात टाकळ्याची कोवळी पानं भाजीला खुडायची आणि शेंगा वाळल्या की बिया बरणीत भरून ठेवायची, त्या लेपासाठीच. या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते बुरशीला मारक आहे. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाची पूड गजकर्णावर खूप खपायची. ती मूळची ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली, पोर्तुगिजांमार्फत आलेली. द्रव्य याच कुळातलं. गुण यायचा, पण कातडीही पोळायची आणि कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे.

अडचण इथेच आहे. घरच्या वाटणात द्रव्य किती उतरलं, हे कुणाला कळणार? त्यात जांघेची कातडी पातळ, वर लिंबाचं आम्ल. लसूण ठेचून बांधलेले एक काका माझ्याकडे आले होते. मांडीवर पाकळीएवढे पाणी भरलेले फोड, आणि गजकर्णाची कड त्यांच्या बाहेर तशीच लाल. म्हणून लेप आजच थांबवा.

ट्यूबही थांबवा, आणि हे मी जास्त कळकळीने सांगते आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिच्यात स्टिरॉइड असावं. त्याने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत वाढत राहते. त्यातून आपल्याकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशीची जात फैलावली आहे. 2020 साली तिला हे नाव मिळालं. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील आणि औषध ठरवतील. डाग गेले तरी ते सांगतील तितके आठवडे औषध घ्यायचंच.

शेतावरून आल्यावर ओले कपडे लगेच बदलायला सांगा. टॉवेल वेगळा ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळू द्या. पावसात वाळले नाहीत तर इस्त्री फिरवा. आणि डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंनाही न्या. लेप त्याच लावतात ना? त्यांची बोटं, नखं दाखवून घ्या.