‘मीडिया ऑफलाइन’ दिसलं म्हणून एडिट गेलेलं नसतं

भाऊ, सगळ्यात आधी हे ऐका. टाइमलाइनवरची, म्हणजे क्लिप ओळीनं लावतात त्या पट्टीवरची, एकही क्लिप पुसू नका आणि नव्यानं कापाकापी सुरू करू नका. पैठणच्या नाथषष्ठीला तीन फोनवर घेतलेलं कीर्तन आणि दिंड्या तुम्ही अ‍ॅडोबी प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये लावल्या. मग फोन भरला म्हणून त्यातले व्हिडिओ काढले, आणि आता निम्म्या क्लिपवर लाल रंगात ‘मीडिया ऑफलाइन’ येतंय, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही केलेले कट, नावं, आवाजाची पातळी हे सगळं शाबूत आहे. हरवलेत ते फक्त व्हिडिओ, आणि तेही बहुतेक सापडतील.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, जमीन नसते, तसं आहे हे. प्रोजेक्टमध्ये अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव एवढंच लिहिलेलं असतं. फाइल हलवली, फोल्डरचं नाव बदललं, पेन ड्राइव्ह काढला, की प्रोग्रॅमला तिथं काही सापडत नाही.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. आधी प्रोजेक्ट फाइलची एक प्रत करून बाजूला ठेवा. मग प्रोजेक्ट उघडल्यावर येणारी ‘लिंक मीडिया’ची खिडकी नीट वाचा, कारण प्रत्येक फाइलचा जुना मार्ग तिच्यात दिसतो. मार्ग ‘ई’ ड्राइव्हचा असेल आणि तीच डिस्क आज ‘एफ’ म्हणून दिसत असेल, तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत द्या. सगळं एका झटक्यात जागेवर येतं. तसं नसेल तर ‘लोकेट’ दाबून एक फाइल दाखवा. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या क्लिप तो बहुधा स्वतःच जोडून घेतो. डाविंची रिझॉल्व्ह हा एडिटिंगचा दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून ‘रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स’ घ्यावं.

फोनमधून पुसलेल्या फायलींसाठी आजच गॅलरीची कचरापेटी उघडा. आयफोनमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण 30 दिवस व्हिडिओ राहतात. गूगल फोटोजवर बॅकअप झालेली फाइल पुसली असेल तर ती तिथल्या ट्रॅशमध्ये 60 दिवस असते. तुम्ही ‘फ्री अप स्पेस’ दाबलं असेल तर चिंताच नको, कारण त्यात फक्त फोनमधली प्रत जाते, बॅकअप राहतो. एक मात्र तपासा. बॅकअप ‘स्टोरेज सेव्हर’ या जागा वाचवणाऱ्या पर्यायात झाला असेल तर 4के व्हिडिओ लहान होऊन 1080पी मिळतो. क्लिप जोडली जाते, पण तुम्ही झूम केलेली दृश्यं चुकीच्या मापात दिसतात. ती एकेक करून पुन्हा बसवावी लागतील.

मंडळातल्या कुणाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तोच व्हिडिओ मागवून ती जागा भरू नका. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो, नावही बदलतं. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते.

पुढच्या वेळेसाठी माझा आग्रह एकाच गोष्टीवर आहे. एडिटिंगचा प्रोग्रॅम उघडण्याआधी सगळ्या फायली त्यांच्या कायमच्या जागी आणा. केबल लावून फोनमधून थेट टाइमलाइनवर ओढू नका. अँड्रॉइड फोनला विंडोजमध्ये ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, त्यामुळे तो मार्ग टिकाऊ नसतो. हार्ड डिस्कवर कार्यक्रमाच्या नावाचा एक फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक फोनसाठी वेगळा. दोन आयफोन असतील तर दोन्हीत ‘आयएमजी_1234’ नावाची फाइल सहज निघते, आणि एकाच फोल्डरमध्ये टाकताना ‘रिप्लेस’ दाबलं गेलं की एक कायमची जाते. नावं बदलायची असतील तर इंपोर्ट करण्याआधी बदला. नंतर हात लावू नका.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. आपल्याकडं लाइटचा भरवसा नसतो. कॉपी चालू असताना डेस्कटॉप बंद पडला तर अर्धवट फाइल मागे राहते, नाव मात्र पूर्ण दिसतं. आकार जुळल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही.

जागेचा हिशोब आधीच करा. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की 4के, 30 फ्रेमला मिनिटाला साधारण 170 एमबी लागतात. म्हणजे दोन तासांचं कीर्तन 20 जीबीच्या आसपास जातं. फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

कीर्तनासारख्या लांब रेकॉर्डिंगबद्दल आणखी एक. फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेली चित्रं, कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज हळूहळू ओठांच्या मागं-पुढं सरकू शकतो. अशा फायली हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’वर, म्हणजे एकसारख्या वेगावर, काढून घ्या, पण तेही एडिटला बसण्याआधी. अर्ध्यात केलं तर नवी फाइल, नवं नाव, आणि पुन्हा तोच लाल रंग.

फोनवरच काइनमास्टर या एडिटिंग अ‍ॅपमध्ये काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. गॅलरीतून क्लिप पुसली किंवा मेमरी कार्डवर हलवली की प्रोजेक्टमध्ये ती गायब दिसते. फोन रिकामा करण्याआधी प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून ठेवा, त्यात मीडियासुद्धा येतो.

काम संपल्यावर प्रीमियरच्या फाइल मेनूतल्या ‘प्रोजेक्ट मॅनेजर’मध्ये ‘कलेक्ट फाइल्स’ घेऊन सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करा. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ आहे. तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाका, तिथून एकदा प्रोजेक्ट उघडून बघा, आणि मगच लॅपटॉपमधली जागा मोकळी करा.