नव्या लॅपटॉपवर वाय-फाय का दिसत नाही?

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर भावाच्या २०२२ च्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. वाय-फाय दिसतच नाही. ओळखीचे म्हणतात, मशीनच खराब. परत करू का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, घाई करू नका. जळगावात माझ्या टेबलावर असे लॅपटॉप नेहमी येतात, आणि बहुतेकदा वाय-फायचं कार्ड धडधाकट निघतं. प्रत्येक कार्डाला दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा, एक मॉडेलचा. ड्रायव्हरजवळ, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामजवळ, ओळखीच्या क्रमांकांची यादी असते. तुमचं कार्ड बहुधा त्या यादीनंतर बाजारात आलंय. कधी यादीत एक ओळ वाढवली तरी भागतं. कधी अख्खा ड्रायव्हर नवा लिहावा लागतो, वर फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल वेगळी. हे काम जगभरचे लोक चिकाटीनं करतात, मला त्यांचं फार कौतुक आहे. लिनक्सचं नवं कर्नेल, म्हणजे ड्रायव्हर ज्यात असतात तो गाभा, साधारण ९-१० आठवड्यांनी येतं.

म्हणून लिनक्सची ताजी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि आधी तिथूनच चालवून बघा. रावेरच्या एका गुरुजींचं वाय-फाय असंच सुरू झालं. तरीही नाही दिसलं, तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘lspci -nn’ ही आज्ञा देऊन ते दोन क्रमांक मला कळवा.